दोन घरांचा अँटेना

दिवाळी सरली की नंदुरबारच्या हवेला तिखटाची धार येते. आमची कॉलनी पथारींच्या वाऱ्याच्या वाटेवरच आहे. पथारी म्हणजे गावाबाहेरची ती मोठमोठी मोकळी मैदानं. तिथं व्यापारी ओली लाल मिरची पसरून वाळत घालतात. वारा फिरला की मिरची दाराशी येते. भाजीवाला गाडी थांबवतो, आधी दोनदा शिंकतो आणि मग "मेथी" म्हणून ओरडतो. शेजारच्या ताई नाकाला पदर लावून अंगण झाडतात. नवीन भाडेकरू खिडक्या लावून घेतात. आम्ही जुने लोक उघड्याच ठेवतो. इतक्या वर्षांनी तो खवखवाट आला नाही तर हिवाळा आला असं वाटतच नाही.

परवा सकाळी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले होते. ऊन कोवळं होतं, लांबवर पथारीचा लाल पट्टा दिसत होता. आजूबाजूच्या गच्च्यांवर डिशच्या छत्र्या, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, शाळेत प्रार्थनेला उभी राहिलेली पोरं असतात तशी. मागच्या गल्लीतल्या एका जुन्या धाब्याच्या घरावर मात्र एक अँटेना अजून उभा होता. काड्या निम्म्या गळून पडलेल्या, चपटी वायर तुटून वाऱ्यावर हलत होती. एक कावळा त्यावर बसला, तोल सावरेना तेव्हा उडून गेला. ओले कपडे बादलीत तसेच ठेवून मी कठड्याला टेकले, आणि गावाकडचा तो मिरचीचा हंगाम आठवत बसले.

माझं माहेर सिन्नरकडचं. लग्न होऊन आले ती शहादा तालुक्यात, ब्राह्मणपुरीजवळच्या एका गावात. तापीकाठची काळी जमीन, पपई, केळी, कापूस आणि मिरची. घरात सासरे, म्हणजे आप्पा, सासूबाई, त्यांना सगळे जीजी म्हणत, आणि आम्ही दोघं. बोलणं सगळं अहिराणीत. पहिल्या महिन्यात मला निम्मं कळायचं नाही. जीजी "वहू, आठे ये" म्हणायच्या आणि मी उभी राहून विचार करायचे की आठे म्हणजे इकडे की तिकडे. इकडे, हे मागाहून कळलं.

अंगणाच्या मधोमध एक भिंत होती. माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीची, गिलावा न केलेली. भिंतीपलीकडे आप्पांचे धाकटे भाऊ राहायचे, नाना. दोघा भावांच्या वाटण्या मी येण्याच्या बऱ्याच आधी झाल्या होत्या. गंमत म्हणजे त्या भिंतीच्या मध्यातून एक लोखंडी पाइप वर निघालेला होता आणि त्याच्या टोकाला टीव्हीचा अँटेना. घर एक होतं तेव्हा तो अंगणात उभा केलेला. वाटणीची भिंत बांधताना गवंड्यानं विचारलं म्हणे, पाइप कोणाच्या बाजूला घेऊ? कोणीच उत्तर दिलं नाही. शेवटी त्यानं पाइपाला खाली एक रुंद नळी बसवली, म्हणजे तो फिरता राहील, आणि भिंत त्याच्या दोन्ही अंगांनी बांधून काढली. वरून दोन वायरी निघायच्या. एक आमच्या मधल्या घरात, एक नानांच्या पुढच्या खोलीत.

तालुक्याच्या गावी सरकारचा छोटा मनोरा होता. त्याच्यावरून एकच वाहिनी यायची आणि तीही मनात असेल तशी. सातपुड्याकडून वारा सुटला की पाइप आपोआप फिरायचा आणि पडद्यावर मुंग्या चालू व्हायच्या. संध्याकाळच्या बातम्यांची वेळ झाली की आप्पा अंगणात जायचे, दोन्ही हातांनी पाइप धरायचे आणि फिरवायला लागायचे. पाइप कुरकुरायचा. त्या आवाजासरशी भिंतीपलीकडून नानांचा आवाज यायचा. ते खिडकीशी बसून आपल्या टीव्हीचा पडदा बघत असायचे, आणि त्यांच्याकडे चित्र स्थिर झालं की आमच्याकडेही झालेलं असायचं.

"गयं... आखो गयं... थोडसं मांगे... हां. उनं. बस."

आखो म्हणजे आणखी, उनं म्हणजे आलं. ते 'उनं' ऐकलं की आप्पा हात काढायचे आणि आत येऊन बसायचे.

नवी होते तेव्हा मला हे फार गोड वाटलं. मी जीजींना म्हटलं, "भिंत घातली तरी दोघं भाऊ किती छान बोलतात ना!"

जीजी भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. म्हणाल्या, "ते बोली नही ऱ्हायनात, वहू. टीव्ही लाई ऱ्हायनात." बोलत नाहीयेत, टीव्ही लावताहेत.

हळूहळू कळलं ते असं. आप्पांचे वडील लवकर गेले. तेव्हा नाना लहान होते आणि जीजी नुकत्याच लग्न होऊन आलेल्या. नानांना त्यांनीच न्हाऊमाखू घातलं, शाळेत धाडलं, त्यांचं लग्न केलं. मग वाटण्या झाल्या. विहिरीलगतचं रान पंचांनी थोरल्याकडे दिलं आणि नानांचा तोल गेला. भरल्या अंगणात, सगळ्यांच्या देखत ते आप्पांना म्हणाले, "माले वाढावं, त्यानी किंमत वसूल करी लिधी तू." मला वाढवलंस, त्याची किंमत वसूल केलीस. आप्पा उठून गेले. जीजी आत पंचांसाठी चहा करत होत्या, त्यांनी ते ऐकलं. बाहेर येऊन त्यांनी सगळ्यांना चहा दिला, नानांनाही दिला. त्यानंतर नानांचं नाव त्यांच्या तोंडून कोणी ऐकलं नाही. नवऱ्याला लागलं ते जमिनीच्या वादातलं होतं. बाईला लागलं ते दुसरंच होतं. मूल स्वतःच्या हातानं वाढवलेल्या बाईला ते लगेच कळेल.

लग्नात, दुःखात, पोळ्याला, दोन्ही घरं एकमेकांना टाळून उभी राहायची. नानांच्या बायकोला, काकूंना, मी पाणवठ्यावर भेटले तर आम्ही दोघी हसायचो, पण इकडेतिकडे बघून. बाकी सगळं बंद. फक्त संध्याकाळी पाइप कुरकुरायचा आणि ती चार शब्दांची देवाणघेवाण व्हायची. त्यात कोणी कोणाला हाक मारायचं नाही. तू नाही, भाऊ नाही, नाना नाही. चित्र आलं, चित्र गेलं, एवढंच.

थंडीत त्या अँटेनाला वेगळंच वारं लागायचं. आभाळ स्वच्छ, सातपुडा हात लांब केला तर लागेल असा जवळ आलेला, अंगणात आमच्या रानातली मिरची वाळत पडलेली. दिवस मावळला की दव पडायच्या आत मी आणि जीजी तिच्यावर ताडपत्री ओढायचो. अशा संध्याकाळी गुजरातचं कुठलंतरी लांबचं केंद्र आपसूक आमच्या पडद्यावर यायचं. मराठी बातम्या देणाऱ्या बाईंच्या खांद्यातून एखादा पगडीवाला गुजराती शेतकरी चालत जायचा. आवाज दोघांचे मिसळायचे. आप्पांना त्याचा राग येत नसे. "ऱ्हाऊ द्या," म्हणायचे, "तोबी थंडीना मारा उना व्हई." तोही बिचारा थंडीनं आला असेल!

त्या अँटेनाच्या चित्राला पुरतं येणं माहीत नव्हतं आणि पुरतं जाणंही. ते अर्धं यायचं, थरथरत यायचं, कधी नुसता आवाज यायचा, कधी नुसते हलणारे ओठ. आपण उरलेलं मनानं भरून घ्यायचो. आता माझ्या घरातल्या डिशचं तसं नाही. दिसतं तेव्हा माणसाच्या भुवईचा केस न् केस दिसतो. ढग दाटून आले की चौकोन चौकोन होऊन चित्र गोठतं आणि काळा पडदा येतो. मधलं काही नाही. मला तो काळा पडदा अजून सवयीचा झालेला नाही.

तर त्या हंगामात, मिरचीचा दुसरा तोडा चालू होता तेव्हा, पडद्याच्या खालून एक पट्टी सरकू लागली. रोज बातम्यांच्या वेळी. मुंग्यांमुळे ती कोणालाच धड वाचता येत नव्हती. "मनोरा" एवढं मला एकदा लागलं, "बंद" एवढं माझ्या नवऱ्याला, यांना, लागलं. मग हे तालुक्याला गेले तेव्हा सगळं कळलं. ही जुन्या पद्धतीची मनोऱ्यावरची प्रक्षेपणं सगळीकडेच बंद होत होती. आता सगळं डिजिटल. टीव्ही बघायचा तर डिश बसवायची.

एका संध्याकाळी खरंच काही आलं नाही. नुसत्या मुंग्या आणि भाजी फोडणीला टाकावी तसा आवाज.

आप्पा अंगणात गेले. पाइप कुरकुरला.

"नही," पलीकडून नाना म्हणाले.

आप्पांनी आणखी फिरवला.

"नही... नही... आखो फिराव... नही."

पाइप सातपुड्याकडे वळला, मग तापीकडे, मग सूर्य बुडाला त्या बाजूला. पूर्ण फेरा झाला. हे दारात येऊन म्हणाले, "आप्पा, ते बंद व्हई गयं. आते येवाव नही." आप्पांनी ऐकलं आणि म्हणाले, "वारानं फिरी गया व्हई." वाऱ्यानं फिरला असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. मी ताडपत्रीचं टोक धरून उभी होते आणि माझ्या ध्यानात आलं की भिंतीपलीकडच्या माणसालाही सगळं माहीत आहे. नाना रोज पारावर बसून पेपर वाचायचे, मनोरा बंद झाल्याचं त्यांना आमच्या आधी कळलं असणार. तरी ते खिडकीशी बसून, मुंग्यांनी भरलेल्या पडद्याकडे बघत, "नही, आखो थोडसं" म्हणत होते. जीजींच्याही ते ध्यानात आलं असावं. त्या मिरच्या झाकायचं सोडून आत निघून गेल्या.

मग नानांच्या मुलानं डिश आणली. दुपारभर त्यांच्या धाब्यावर ड्रिल मशीनचा आवाज येत होता. संध्याकाळी पलीकडून बातम्या ऐकू आल्या, खणखणीत, एकाही मुंगीशिवाय. आप्पा अंगणात गेले, पाइपापाशी थांबले आणि हात न लावता परत आले.

आपणही डिश घेऊ, असं हे दोनदा म्हणाले. आप्पांनी मान हलवली. "माले काय दखनं शे आते?" म्हणाले. मला काय बघायचंय आता? पण संध्याकाळ झाली की ते भिंतीशी बाजलं टाकून बसू लागले. समोर मिरचीची रास घ्यायची आणि देठ खुडत राहायचं. आप्पांनी उभ्या जन्मात मिरचीचं देठ खुडलं नव्हतं, ते बायकांचं काम. पलीकडून बातम्या यायच्या आणि आप्पा खाली मान घालून ऐकायचे. दोन दिवसांनी तो आवाज मोठा झाला. मग आणखी मोठा. एकदा काकूंचा स्वरही आला, "इतला मोठा काबर करतस? कान फुटी जातीन!" पण आवाज कमी झाला नाही. आप्पांच्या हातातली मिरची हातातच राहिली.

त्यानंतरची एक संध्याकाळ मला नीट आठवते. गार वारा होता, ताडपत्री फडफडत होती. आप्पा बाजेवरून उठले, पाइपापाशी गेले आणि त्यांनी तो फिरवला. आमचा टीव्ही तर मधल्या घरात कापडाखाली झाकलेला होता. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. पाइप कुरकुरला, त्याबरोबर पलीकडचा आवाज एकदम बंद झाला. टीव्हीचं तोंड कोणी हातानं दाबावं तसा. आप्पांनी आणखी थोडा फिरवला.

मग नाना म्हणाले, "उनं."

आप्पांचा हात पाइपावर तसाच होता. उन्हाळ्यापावसाळ्यात गंजलेलं ते लोखंड, त्यावर त्यांची रापलेली बोटं. मला वाटलं ते हात काढतील आणि आत येतील. पण ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "काय उनं?"

इतक्या वर्षांत आप्पांनी त्या भिंतीला पहिल्यांदा प्रश्न विचारला होता.

"बातम्या."

"कोन सांगी ऱ्हायनी?"

"तीच. आपली." मग नानांचा आवाज भिंतीच्या जवळून आला. "ये ना, भाऊ. आठे येईसन दख."

आप्पा त्या दिवशी गेले नाहीत. जेवले, अंथरुणावर पडले. दुसऱ्या दिवशी दाढी करून आले, धुतलेला सदरा घातला, टोपी झटकली. बातम्यांची वेळ होत आली तसे म्हणाले, "वहू, चाल मन्हासंगे." कुठं ते मी विचारलं नाही. भिंतीत दार नव्हतं. आम्ही आमच्या दारातून बाहेर पडून, गल्लीला वळसा घालून, लिंबाखालून नानांच्या ओट्यावर चढलो. आप्पा पायऱ्या चढताना एकदा थांबले आणि उगाच खोकले.

नाना उठून उभे राहिले. काकूंनी घाईघाईनं खुर्ची पुसली. आप्पा दारातच उभं राहून म्हणाले, "वहूले दखनं व्हतं. चित्र साफ येस म्हने."

मी काहीच म्हटलं नव्हतं. मी मान डोलावली.

पडद्यावर त्या बाई बातम्या सांगत होत्या. त्यांना आम्ही वर्षानुवर्षं मुंग्यांतून बघितलं होतं. आता त्या समोर बसल्यासारख्या दिसत होत्या. कानाजवळ पिकलेले केस, डोळ्यांखाली सुरकुत्या, मानेवरची सैल कातडी. आप्पा बघत राहिले. जुन्या ओळखीच्या कोणाचं तरी आजारपण ऐकावं तसा त्यांचा चेहरा झाला.

"हाई बाई म्हातारी व्हई गई रे," ते म्हणाले.

"व्हवाव नही का? कितला साल व्हई गयात," नाना म्हणाले.

तेव्हा आप्पांनी मान वळवली आणि नानांकडे बघितलं. नीट, पायापासून डोक्यापर्यंत. नाना गुडघ्यावर हात ठेवून बसले होते, समोरचे दोन दात पडलेले, मिशी सगळी पांढरी.

"तूबी," आप्पा म्हणाले.

"तू काय नवरदेव ऱ्हायना का?"

आप्पा हसले. हसता हसता खोकला लागला, मिरचीचाच तो, घरभर भरलेला. काकूंनी पाणी आणलं. मग दोघं बोलायला लागले. यंदा मिरचीवर चुरडा-मुरडा रोग आलाय त्याबद्दल. गुडघ्याला कोणतं तेल लावतोस त्याबद्दल. बातम्या कधीच संपल्या होत्या, पडद्यावर कोणीतरी बी-बियाणाची जाहिरात करत होतं, तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

विहिरीचं रान त्या दिवशी निघालं नाही. ते भरल्या अंगणातलं वाक्यही निघालं नाही. पुढेही कधी निघाल्याचं मला माहीत नाही. आम्ही दोघं पुढे नंदुरबारला आलो, पण भिंत अजून आहे. बांधावरून दोघं अजून भांडतात, आणि मग संध्याकाळी आप्पा वळसा घालून जातात. माफी मागितल्याशिवाय माणसं अशी परत कशी जवळ येतात, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझ्या माहेरी असं झालं असतं तर चार जणांनी बसवून, समजावून, हात जोडायला लावून समेट घडवला असता. इथं एक माणूस खोटं बोलला, जे आलंच नव्हतं ते आलं म्हणाला, आणि दुसऱ्यानं ते खरं धरलं. कदाचित पुष्कळ वर्षं ते दोघं कोणीतरी पहिलं खोटं बोलायची वाट बघत असतील.

पण त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं.

काकू मला म्हणाल्या, "भाऊजी आज आठेच जेवतीन. जीजीले सांगी ये." मी एकटीच गल्लीतून घरी आले. जीजी चुलीपाशी होत्या. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून झाली होती, त्या त्यांची काळी सालं सोलत होत्या. बोटं भाजत होती तरी थांबत नव्हत्या. मी म्हटलं, "जीजी, आप्पा तिकडेच जेवणार म्हणे. नानांकडे."

त्यांनी मान वर केली नाही. वांगी बडजीत, म्हणजे भरताच्या लाकडी भांड्यात, घातली, मिरच्या ठेचून घातल्या, लाकडी बडगीनं घोटायला लागल्या. बराच वेळ घोटत राहिल्या. भरीत कधीच झालं होतं. मग कांद्याची पात चिरायला घेतली, एक जुडी झाली, दुसरी घेतली. मी म्हटलं, "जीजी, पात जास्त होईल."

"त्याले पात जास्त लागस," त्या म्हणाल्या.

त्यांनी मोठा वाडगा घेतला, भरीत काढलं, वरून पात पसरली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या दोन भाकरी कापडात बांधल्या. मी वाडगा घ्यायला हात पुढे केला.

"थांब," जीजी म्हणाल्या. "मीच लई जास."

त्यांनी हात धुतले, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि वाडगा छातीशी धरून निघाल्या. गल्लीच्या वळणावर त्यांना थांबलेलं मी दारातून पाहिलं. वाट चुकलो की काय, असं वाटून माणूस थांबतो तशा. परत फिरतात की काय असं मला वाटलं. मग त्या लिंबाआड गेल्या आणि दिसेनाशा झाल्या.

मी अंगणात येऊन भिंतीशी उभी राहिले. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कोणीतरी टीव्ही बंद केला. नाना एवढंच म्हणाले, "वहिनी..."

आणि मग जीजींचा आवाज आला, थोडा रागावलेला, लहान पोराला जेवायला बसवताना असतो तसा.

"बठ, बठ. उभा काबर ऱ्हायना? गरम शे तवपावत खाई ले."